आधी अक्षर, मग चित्र

स्वखर्चाने पुस्तक काढणाऱ्या लेखकाचे पैसे बहुतेक वेळा एकाच क्रमाने संपतात. आधी डीटीपी, मग मुद्रितशोधन (ते झालंच तर), मग कागद, छपाई, बांधणी. प्रकाशन समारंभाची तारीख ठरते, सभागृहाचे पैसे भरले जातात, प्रमुख पाहुण्यांचा होकार येतो. निमंत्रणपत्रिकेवर पुस्तकाचं चित्र टाकायची वेळ आली की लक्षात येतं, मुखपृष्ठ अजून व्हायचंच आहे. तोवर हातात चार दिवस आणि किरकोळ रक्कम उरलेली असते. मग ‘कॉम्प्युटरचं येतं’ असा एखादा भाचा सापडतो, नाहीतर डीटीपीवालाच ते काम अंगावर घेतो. कवितासंग्रह असेल तर मावळतीचा सूर्य, आत्मचरित्र असेल तर वळणाची वाट, बाईचं दुःख असेल तर खिडकीतली पाठमोरी बाई. साहित्य संमेलनाच्या ग्रंथदालनात एक फेरी मारली तरी हे तिन्ही नमुने भेटतात, आणि बरेचदा एकाच टेबलावर.

लेखकाला दोष देण्यात अर्थ नाही. प्रकाशकाकडे पुस्तक गेलं की संपादक, चित्रकार, छपाईचं बघणारा माणूस अशी सगळी फळी मागे उभी असते. स्वखर्चाच्या पुस्तकात ही सगळी कामं लेखकावर येतात आणि त्यांतली बहुतेक तो आयुष्यात पहिल्यांदाच करत असतो. मुद्रितशोधनाबद्दल, कागदाबद्दल तो इतरांचं ऐकतो. मुखपृष्ठाबद्दल मात्र त्याचं मत आधीच ठाम असतं, आणि ते मत म्हणजे जवळजवळ नेहमी एक चित्र असतं. खर्चाचं गणित इथेच बिघडतं. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर सगळ्यांत महाग असतं ते चांगलं चित्र, आणि सगळ्यांत जास्त काम करतं ते शीर्षकाचं अक्षर.

अंगावर खर्च घेऊन काढलेल्या पुस्तकांचा इतिहास तसा मोठा मानाचा आहे. १९७६ साली मुंबईत आदिल जस्सावाला, अरुण कोलटकर, अरविंद कृष्ण मेहरोत्रा आणि गीव्ह पटेल या चार कवींनी ‘क्लिअरिंग हाउस’ ही सहकारी प्रकाशनसंस्था काढली. इंग्रजीत लिहिणाऱ्या इथल्या कवींना प्रकाशक मिळणं कठीण होतं, तेव्हा आपली पुस्तकं आपणच छापू, असा सरळ बेत होता. कोलटकरांची ‘जेजुरी’ तिथूनच पुस्तकरूपात आली आणि पुढच्याच वर्षी तिला राष्ट्रकुल काव्यपुरस्कार मिळाला. या संस्थेच्या पुस्तकांची मुखपृष्ठं कोलटकरांनी केली. जे. जे.मध्ये शिकलेला आणि जाहिरातीच्या धंद्यात कलादिग्दर्शक म्हणून नावाजलेला माणूस भागीदारांपैकीच एक होता, त्यामुळे तो खर्च घरातल्या घरात भागला. प्रत्येक लेखकाच्या घरात कोलटकर नसतो हे खरं. पण या उदाहरणातली खरी कमाई पैशांची नाहीच. मुखपृष्ठ करणाऱ्याने आतल्या कविता वाचल्या होत्या, ही ती कमाई.

लंडनजवळच्या रिचमंडमध्ये व्हर्जिनिया आणि लेनर्ड वुल्फ यांनी १९१७ साली घरातच हातछपाईचं यंत्र बसवून ‘होगार्थ प्रेस’ सुरू केली. त्यांच्याकडेही मुखपृष्ठकार घरचाच होता, व्हर्जिनियाची चित्रकार बहीण व्हनेसा बेल. १९२२च्या ‘जेकब्ज रूम’ या कादंबरीचं वेष्टन तिने केलं. वेष्टनावर ना देखणी तरुणी, ना जेकब, ना त्याची खोली, त्यामुळे पुस्तकविक्रेत्यांची नापसंती ओढवल्याचं लेनर्डने पुढे आत्मचरित्रात नोंदवलं आहे. विक्रेत्याला शीर्षकात जे आहे तेच चित्रात हवं असतं, ही तक्रार शंभर वर्षांत फारशी बदललेली नाही. आपल्याकडेही ‘पाऊस’ नावाच्या संग्रहावर छत्री लागतेच.

मराठी वाचकाचा डोळा मात्र चित्रांवरच पोसलेला आहे, हेही मान्य करायला हवं. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून सजलेलं मुखपृष्ठ हा आपल्या वाचनाचा भाग झाला. पुढे दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर हे दोघे गोमंतकीय चित्रकार मराठी पुस्तकांच्या आणि अंकांच्या दर्शनी भागावर अक्षरशः राज्य करत होते. बाबूराव अर्णाळकरांच्या रहस्यकथा मुळगावकरांच्या मुखपृष्ठांसकट लोकांना आठवतात. वसंत सरवटे व्यवसायाने स्थापत्य अभियंते, नोकरी सिमेंट कंपनीत, पण पु. ल. देशपांड्यांच्या पुस्तकांचे चेहरे आणि ‘ललित’ मासिकातला ठणठणपाळ त्यांच्या रेषेतून उभे राहिले. आज पहिलं पुस्तक काढणाऱ्या साठीतल्या लेखकाच्या मनात नेमकं हेच मुखपृष्ठ असतं, आणि ते उरलेल्या पैशांत होणार नाही हे त्याला कोणी सांगत नाही.

त्या काळाची दुसरी बाजू इथे उपयोगाची आहे. ब्लॉकच्या छपाईत प्रत्येक रंगासाठी वेगळा ब्लॉक करावा लागे. रंग वाढला की खर्च वाढला. त्यामुळे मोजकी रेघ, एक-दोन रंग आणि हाताने काढलेलं शीर्षक यांवर कितीतरी पुस्तकं उभी राहिली आणि त्यातली काही आजही देखणी दिसतात. मराठी नाटकांचं उदाहरण तर त्याहून बोलकं आहे. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी वर्तमानपत्रातल्या जाहिरातींसाठी नाटकांची नावं अशी रेखाटली की प्रेक्षक ते नाव वाचण्याआधी ओळखू लागले. वर्तमानपत्राचा कागद, काळी शाई, हाताएवढी जागा. चित्र बहुतेकदा नाहीच. तरी नाटकाचा स्वभाव त्या अक्षरात उतरलेला असे.

कमी पैशात मुखपृष्ठ करायचं असेल तर धडा इथून घ्यावा. पूर्ण चित्र काढून घेण्याऐवजी एखाद्या सुलेखनकाराकडून फक्त शीर्षक लिहून घ्यावं. तीन-चार शब्दांचं काम. त्याचा मोबदला पूर्ण मुखपृष्ठापेक्षा साहजिकच कमी, आणि तरीही जगात दुसऱ्या कोणत्याही पुस्तकावर नसलेली गोष्ट हातात येते. ते अक्षर एका सपाट रंगावर नीट जागा सोडून बसवलं तरी मुखपृष्ठ तयार होतं. मुंबईतली सर जे. जे. उपयोजित कला संस्था, पुण्याचं अभिनव कला महाविद्यालय, कोल्हापूरचं कलानिकेतन, पणजीत आल्तिनोवरचं गोवा कला महाविद्यालय अशा ठिकाणी अक्षरावर मेहनत घेणारी मुलं सापडतात. त्यांना ‘तुझं नाव होईल’ एवढ्यावर राबवू नये. रक्कम लहान असेल तर लहान, पण आधी ठरवून आणि वेळेवर द्यावी.

सुलेखनही परवडत नसेल तर फाँट आहेतच, आणि या बाबतीत आजचा मराठी लेखक दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या लेखकापेक्षा कितीतरी सुखी आहे. तेव्हा डीटीपीच्या दुकानात जी काही ठरावीक वळणं संगणकावर असतील तीच पुस्तकावर यायची, आणि एका संगणकावरचा मजकूर दुसऱ्यावर उघडला की अगम्य चिन्हांची रांग दिसायची. आज ‘गूगल फाँट्स’वर देवनागरीचे कितीतरी फाँट खुल्या परवान्याने मिळतात. छापील पुस्तकासाठी, विक्रीसाठीही ते वापरता येतात आणि एक पैसा पडत नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ त्यात आहेत. गुबगुबीत ‘मोदक’ बालपुस्तकांना शोभतो, आणि जैन कल्पसूत्राच्या हस्तलिखितांतल्या वळणावरून घडवलेला ‘जैनी’ ऐतिहासिक विषयाला. ‘यात्रा वन’ हा फाँट तर मुंबईच्या लोकल स्थानकांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून घेतला आहे. गिरणगावावरच्या पुस्तकाला यापेक्षा योग्य फुकटची गोष्ट मिळणं अवघड.

पण फाँट फुकट आहे म्हणून तो डोळे मिटून लावू नये. अनेक देवनागरी फाँटांत ल आणि श हिंदी वळणाचे असतात. परिच्छेदात ते खपून जातात; ‘शाल’ किंवा ‘शिवकाल’ असं शीर्षक दीड इंची अक्षरात आलं की डोळ्यांना खुपतं. काही फाँटांत मराठी रूपं आत दडलेली असतात आणि मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडली तरच बाहेर येतात. ‘टिरो देवनागरी मराठी’ हा फाँट मात्र मराठी वळणासाठीच वेगळा केलेला आहे. दुसरी तपासणी जोडाक्षरांची. ‘दुसऱ्या’तला अर्धा ऱ, ‘ॲ’वरचा चंद्र, ‘र्‍हा’, ‘क्त’, ‘द्ध’, ‘ह्म’ हे सगळं निवडलेल्या फाँटमध्ये एकदा टाइप करून मोठ्या आकारात छापून पाहावं. सॉफ्टवेअरचाही घोटाळा असतो. ‘इनडिझाइन’मध्ये देवनागरीसाठी ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ निवडलेला नसेल तर वेलांट्या उड्या मारतात आणि अर्धी अक्षरं पाय मोडून उभी राहतात. प्रेसला फाइल देताना शीर्षक ‘कर्व्ह’ करून द्यायचं, म्हणजे तिथल्या संगणकावर फाँट असो-नसो, अक्षर हलत नाही. ‘इंकस्केप’ आणि ‘स्क्रायबस’ ही सॉफ्टवेअर मोफत आहेत आणि या कामाला पुरेशी आहेत. भाच्याला कोणी शिकवलं तर तोही ती वापरू शकेल.

चित्र हवंच असेल तर फुकट, कायदेशीर आणि उत्तम अशा तिन्ही अटी पाळणारी चित्रं मिळतात. फक्त ती गूगलच्या शोधपानावर मिळत नाहीत. तिथे दिसणारं बहुतेक प्रत्येक छायाचित्र कुणाच्या तरी मालकीचं असतं. भारतीय कायद्यानुसार चित्रावरचा हक्क कलाकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, आणि ही ६० वर्षं मृत्यूनंतरच्या जानेवारीपासून मोजतात. राजा रविवर्मा १९०६ साली गेले, महादेव विश्वनाथ धुरंधर १९४४ साली. दोघांचीही चित्रं हक्कमुक्त आहेत. धुरंधरांनी काढलेले मुंबईतले चेहरे, लुगडी, बाजार, उत्सव पाहिले तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीवरच्या कोणत्याही पुस्तकाला त्यात काही ना काही सापडेल. दलालांचं मात्र तसं नाही. ते १९७१मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या चित्रांवरचा हक्क २०३१च्या अखेरीपर्यंत आहे. मुळगावकरांचा २०३६पर्यंत. जुन्या अंकातलं चित्र स्कॅन करून आपल्या पुस्तकावर लावणं ही आदरांजली वाटली तरी कायद्याच्या दृष्टीने ती उसनवारी आहे, आणि विचारलेलीसुद्धा नाही.

परदेशी संग्रहालयांनी गेल्या काही वर्षांत दारं उघडली आहेत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ साली आपल्याकडच्या हक्कमुक्त कलाकृतींच्या लाखो प्रतिमा कोणालाही, कोणत्याही कामासाठी खुल्या केल्या. क्लीव्हलँडच्या कला संग्रहालयाने २०१९ साली तेच केलं. दोन्हीकडे भारतीय लघुचित्रांचा भरघोस साठा आहे, आणि प्रतिमा छपाईला पुरतील एवढ्या मोठ्या आहेत. संतसाहित्यावर, इतिहासावर, निसर्गावर लिहिणाऱ्याने एक संध्याकाळ तिथे घालवावी. शिवाय स्वतःच्या घरातली जुनी छायाचित्रं असतातच. आत्मचरित्रावर अल्बममधला आजीचा करडा फोटो चांगल्या स्कॅनरवर घेऊन लावला तर कोणत्याही वळणदार वाटेपेक्षा तो शंभर पटींनी खरा वाटतो. फक्त तो व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवू नये. पाठवताना तो दाबला जातो आणि छापल्यावर पिठूळ दिसतो.

आता सगळ्यांना मोह होतो तो यंत्राकडून चित्र काढून घेण्याचा. एक ओळ लिहिली की चित्र हजर आणि खर्च जवळजवळ शून्य. या वाटेवर मोठे प्रकाशकही ठेचकाळले आहेत. २०२२च्या अखेरीस ‘टॉर’ने ख्रिस्टोफर पाओलिनीच्या ‘फ्रॅक्टल नॉइझ’साठी, आणि २०२३मध्ये ‘ब्लूम्सबरी’ने सेरा जे. मास यांच्या एका कादंबरीच्या नव्या आवृत्तीसाठी चित्रसाठ्यातून घेतलेली प्रतिमा कृत्रिम बुद्धिमत्तेने केलेली निघाली, आणि वाचकांनी दोघांनाही धारेवर धरलं. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने २०२३च्या फेब्रुवारीत ‘झारिया ऑफ द डॉन’ या चित्रकथेच्या बाबतीत मजकुराला संरक्षण दिलं, यंत्राने केलेल्या चित्रांना नाकारलं. ॲमेझॉनच्या किंडलवर पुस्तक चढवताना मुखपृष्ठ असं केलं असेल तर ते आता कळवावं लागतं. मराठी लेखकासाठी याहून साधी अडचण आहे. यंत्राने काढलेली मराठी बाई बहुतेकदा कुठलीच नसते. नऊवारी भलत्याच बाजूने नेसलेली, नथ भलत्याच नाकपुडीत, आणि पाटीवरची देवनागरी कुणालाच वाचता येणार नाही अशी. गावाकडच्या वाचकाला हे पहिल्या नजरेत कळतं.

आता मोजमाप. कंटाळवाणा भाग आहे, पण फुकट गेलेले पैसे बहुतेक इथेच गेलेले असतात. मुखपृष्ठ म्हणजे फक्त पुढचं पान नव्हे. मलपृष्ठ, कणा आणि पुढचं पान मिळून एकच सलग कागद छापला जातो. समजा पुस्तक डेमी आकाराचं, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच, आणि १६० पानांचं आहे. १६० पानं म्हणजे ८० पत्रे. कागदाची जाडी साधारण ०.१ मिलिमीटर धरली तर कणा ८ मिलिमीटर होतो. दोन्ही बाजूंची १४०–१४० मिलिमीटर रुंदी, मधला कणा आणि कापणीसाठी कडेला ३–३ मिलिमीटर जास्त, असं धरून फाइलची रुंदी २९४ मिलिमीटर आणि उंची २२२. कागद बदलला, नॅचरल शेडचा फुगीर कागद घेतला, शेवटच्या क्षणी आठ पानांची प्रस्तावना आली की कणा बदलतो आणि शीर्षक कण्यावरून घसरून पुढच्या पानावर उतरतं. म्हणून आतली पानं कायम होईपर्यंत कणा कायम करू नये, आणि प्रेसकडून त्याच कागदाची कोरी डमी बांधून घ्यावी. मोजपट्टी लावली की प्रश्न मिटला.

कण्याबद्दल आणखी एक. महाराष्ट्रात पुस्तकाचं दीर्घायुष्य सार्वजनिक ग्रंथालयांत जातं, आणि तिथे कपाटात दिसतो तो कणाच. ग्रंथपाल क्रमांकाची चिठ्ठी कण्याच्या तळाशी डकवतात. लेखकाने हौसेने आपलं नाव अगदी तळाला टाकलेलं असेल तर ते कायमचं चिठ्ठीखाली जातं. नाव दोन इंच वर घ्यावं.

रंगांचंही असंच. पडद्यावरचा झगझगीत निळा किंवा पोपटी रंग छपाईच्या चार शायांत तसा येत नाही, मळका होतो. ‘कॅन्व्हा’सारख्या साधनाच्या मोफत आवृत्तीतून निघणारी फाइल पडद्याच्या रंगांत असते, छपाईच्या रंगांतली फाइल पैसे भरणाऱ्यालाच मिळते. शिवाय तिथला तयार साचा आणखी शेकडो लोकांनी उचललेला असू शकतो. ऑनलाइन दुकानात तर मुखपृष्ठ टपाल तिकिटाएवढं दिसतं. किंडलसाठी २५६० बाय १६०० पिक्सेलची प्रतिमा मागतात, पण वाचक ती फोनवर अंगठ्याएवढी पाहतो. त्या आकारात शीर्षक वाचता येत नसेल, तर आतल्या पानांचा सगळा बारकावा वाया.

मलपृष्ठावर छापायचा आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, भारतात मोफत मिळतो. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडे अर्ज करायचा. त्यासाठी पैसे मागणाऱ्याला ‘नंबर फुकट आहे, तुमच्या धावपळीचे किती?’ असं विचारावं. त्याचा बारकोड ‘इंकस्केप’मध्ये मोफत तयार होतो. तो पांढऱ्या चौकटीत काळाच ठेवावा. लाल पार्श्वभूमीवर सोनेरी बारकोड काढण्याची हौस दुकानातल्या यंत्राला कळत नाही.

काम दुसऱ्याकडून करून घेतलं असेल तर दोन ओळींचा का होईना, लेखी करार हवा. कॉपीराइट कायद्याच्या १९व्या कलमानुसार हक्कांचं हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी असावं लागतं. मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणजे तोंडी बोलण्यावर केलेलं मुखपृष्ठ सहा वर्षांनी दुसऱ्या आवृत्तीवर, ई-पुस्तकावर किंवा अमेरिकेतल्या मराठी मंडळाच्या विक्रीत वापरताना प्रश्न उभा राहू शकतो. किती वेळा बदल करून मिळतील, मूळ फाइल मिळेल का, ई-पुस्तकासाठी वेगळे पैसे का, हे सुरुवातीलाच विचारावं. बदलांची संख्या ठरलेली असली की लेखकही ‘निळा जरा कमी निळा करा’ असं म्हणण्याआधी विचार करतो.

चित्रकाराला द्यायची एक गोष्ट मात्र पैशांनी मोजली जात नाही. ती म्हणजे टिपण. अर्ध्या पानात पुस्तक कशाबद्दल आहे, कोण वाचेल, आवडलेली तीन मराठी मुखपृष्ठं कोणती आणि मुखपृष्ठावर काय अजिबात नको, एवढं लिहून दिलं आणि सोबत एक प्रकरण वाचायला दिलं, तर निम्मे फेरे वाचतात. बहुतेक लेखक याऐवजी स्वतःच काढलेलं कच्चं चित्र देतात आणि चित्रकाराने ते ‘चांगलं करून’ द्यावं अशी अपेक्षा ठेवतात. मग चित्रकार मजूर होतो आणि लेखक मुकादम.

खर्चाची वाटणी करायचीच झाली तर हातात असलेल्या रकमेतला मोठा भाग शीर्षकाच्या अक्षरावर आणि मांडणीवर घालावा, थोडा एका छापील प्रूफवर, आणि चित्रावर शून्य. यूव्हीची चकाकी, सोनेरी फॉइल, उठावाची अक्षरं, रुंद फ्लॅप हे सगळं दुसऱ्या आवृत्तीसाठी ठेवावं. साधं मॅट लॅमिनेशन पुरतं. मलपृष्ठावर स्वतःचा सूट घातलेला फोटो आणि पुरस्कारांची यादी याऐवजी पुस्तकातले चार चांगले परिच्छेद तपासून त्यातला एक निवडावा. त्याला काही पडत नाही आणि वाचक तोच वाचतो. पहिलंच पुस्तक असेल तर राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. तिची जाहिरात येते तेव्हा तिचे नियम छापखान्याकडे जाण्याआधी वाचावेत.

आणि प्रकाशन जानेवारीत ठरवलं असेल, तर मुखपृष्ठाचं काम दिवाळीचे फटाके वाजत असतानाच एखाद्या अक्षरवाल्याच्या हाती द्या. पाहुण्यांचा होकार नंतर घेतला तरी चालेल.